वार तीच पेठ: पुण्यातल्या शंभर दिवसांच्या फोटो चॅलेंजचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यात सातही वारांच्या नावाच्या पेठा आहेत. पेठेत वाढलेल्या माणसाला यात काही विशेष वाटत नाही, पण बाहेरून आलेले लोक हे ऐकून थांबतातच. त्यावरूनच एका ताईंच्या डोक्यात आलं की पाडव्यापासून शंभर दिवस रोज एक फोटो काढायचा, आणि ज्या दिवशी जो वार त्या नावाच्या पेठेत जाऊन काढायचा. सोमवारी सोमवार पेठ, मंगळवारी मंगळवार, असं. विषय दोनच, इमारती आणि त्यांच्या आधारानं चाललेलं शहराचं रोजचं जगणं. सदाशिव, नारायण, कसबा, नाना, भवानी या पेठा वाराच्या हिशेबात बसत नाहीत, त्या दुसऱ्या फेरीला ठेवू असं ठरलं.

ताई स्वतः आर्किटेक्ट, माहेर पेठेतलंच. ग्रुपमध्ये तीसेक जण जमले, त्यात आयटीवाले जास्त, मग दोन शाळेतल्या शिक्षिका, बँकेतून रिटायर झालेले एक काका आणि आर्किटेक्चर शिकणारी दोन मुलं. बहुतेकांकडे फोनच, चार-पाच जणांकडे कॅमेरा. मी पहिल्या दिवसापासून यात होते आणि नंतर नियम परत लिहायची वेळ आली तेव्हा ताईंबरोबर बसले होते, म्हणून हे सगळं लिहून ठेवतेय. नावं आणि वाडा ओळखू येईल असं काही यात घातलेलं नाही.

सुरुवातीचे नियम सोपे होते. फोटो त्याच दिवसाचा हवा, रात्री दहाच्या आत ग्रुपवर आला पाहिजे, खाली एक ओळ लिहायची, आणि क्वालिटी मरू नये म्हणून व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. ज्या फोटोला सगळ्यात जास्त बदाम (म्हणजे हार्टची इमोजी) पडतील तो 'आजचा फोटो', आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताई त्याच्यावर चार ओळी लिहायच्या. हे शेवटचे दोन नियम लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यांच्यावरच फिरतं.

पहिले तीन आठवडे खरंच फार चांगले गेले. सोमवार पेठेतलं त्रिशुंड गणपतीचं देऊळ अनेकांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, आणि त्याच्या दर्शनी दगडावर गेंड्याला साखळदंड घालणारा शिपाई कोरलाय हे तर पुण्यात जन्म गेलेल्यांनाही माहीत नव्हतं. अठराव्या शतकातलं काम आहे ते. शुक्रवारी मंडई. १८८६ मध्ये रे मार्केट म्हणून सुरू झालेली, वासुदेव बापूजी कानिटकरांनी बांधलेली अष्टकोनी इमारत, मधल्या मनोऱ्यातून आठ बाजूंना फाकलेले गाळे. रिटायर्ड काकांनी मनोऱ्याच्या बरोबर खाली उभं राहून वर फोन धरून जो फोटो काढला त्यात लाकडी छताचा सांगाडा आणि उन्हाची एक तिरीप एवढंच होतं, आणि तळाशी कोपऱ्यात कांद्याच्या ढिगाचा एक लालसर तुकडा. इमारतही आली आणि बाजारही आला. मला आजही तो फोटो त्या पूर्ण शंभर दिवसांतल्या पहिल्या पाचात ठेवावासा वाटतो.

गुरुवारी गुरुवार पेठ, म्हणजे जुनी वेताळ पेठ. दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद असलं की जिन्याखाली, ओसरीत, गॅलरीत, जिथे म्हणून जागा आहे तिथे पिंप, कळश्या, बादल्या मांडलेल्या. घर बांधताना कुणी पाणी साठवायची सोय धरलेली नव्हती आणि लोकांनी ती नंतर कशी काढून घेतली हे त्या फोटोंमधून लख्ख दिसतं. असे फोटो येत होते तोवर सगळं छान चाललं होतं.

कुठे बिघडत गेलं

साधारण चौथ्या आठवड्यापासून ग्रुपवर दरवाजेच दरवाजे यायला लागले. दिंडी दरवाजा (वाड्याच्या मोठ्या दारातलं छोटं दार), त्यावरचे पितळी खिळे, कडी, गंजलेलं कुलूप, पोपडे निघालेली भिंत, भिंतीतून उगवलेला पिंपळ. एकाच दिवशी एकाच वाड्याची दिंडी पाच जणांच्या फोटोत आली असंही झालं. कारण उघड होतं, बदाम त्यालाच पडत होते. ऑफिस सुटल्यावर साडेआठ-नऊला पेठेत पोचलेल्या माणसाकडे तासभर असतो, दहाची डेडलाइन असते, आणि आपल्याला माहितीये की पडकं लाकूड आणि पिवळा बल्ब चालतो. मग तो तेच काढणार. कुणी आळशी होतं असं मला अजिबात वाटत नाही. नियमच तसे होते की झटपट हाती लागेल तेच काढलं जावं.

आणखी एक गोष्ट. वार आणि पेठ बांधून ठेवल्यानं शहराचं खरं वेळापत्रक हातातून निसटत होतं. मंगळवार पेठेतला जुना बाजार भरतो बुधवारी आणि रविवारी, आणि आम्ही तिथे जाणार मंगळवारी, रिकाम्या रस्त्याचे फोटो घेऊन परत येणार. हे दोन-तीन जणांनी बोलून दाखवलं, पण चॅलेंजची गंमतच त्या नियमात आहे असं म्हणून तो विषय तिथेच राहिला.

हळूहळू लोक गळायला लागले. रोज पंचविसेक फोटो यायचे तिथे बारा-चौदा यायला लागले. ज्यांचे फोटो शांत असायचे, म्हणजे पायरीवर बसून भाजी निवडणारी बाई, दुपारचं बंद दुकान असे, त्यांना बदाम पडत नव्हते आणि तेच आधी गप्प झाले. काका त्यातलेच एक.

मग जून उजाडला आणि ते प्रकरण झालं.

तो फोटो

शुक्रवार होता. दोन विद्यार्थ्यांपैकी एक मुलगा संध्याकाळी पेठेतल्या एका वाड्यात शिरला. दिंडी उघडी होती, कुणी अडवलं नाही. आतला चौक, चौकात वरून येणारा पावसाळी उजेड, भोवती ओसरी, सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरीव खांब, एका तुळईला खालून दिलेला लोखंडी पाइपचा टेकू, दोरीवर वाळत घातलेलं नऊवारी, पायरीवर तांदूळ निवडत बसलेल्या आजी. आणि एका खांबावर महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस चिकटवलेली.

मुलानं एक्स्पोजर चौकातल्या उजेडाला धरलं. अशा ठिकाणी चौक आणि ओसरी यांच्या उजेडात इतका फरक असतो की एकाला धरलं की दुसरं जातंच, त्यामुळे ओसरी काळीकुट्ट झाली. नंतर फोनमध्येच कॉन्ट्रास्ट आणि क्लॅरिटी वाढवली, त्यानं भिंतीवरचा प्रत्येक पोपडा, लाकडातली प्रत्येक चीर ठळक झाली. फोटो म्हणून जबरदस्त होता, हे मान्य करायला हवं. त्या दिवशी सगळ्यात जास्त बदाम त्याला पडले आणि दुसऱ्या दिवशी ताईंनी त्यावर चांगलं लिहिलंही.

ग्रुपमधल्या कुणीतरी तो कौतुकानं पुढे पाठवला. तिथून तो अजून पुढे गेला. चार-पाच दिवसांनी तोच फोटो त्या वाड्यातल्या एका भाडेकरूच्या फोनवर आला, मालकाच्या बाजूच्या माणसाकडून, खाली मेसेज होता की बघा, ही जागा राहण्यालायक आहे का तुम्हीच सांगा.

इथे थोडं मागचं सांगायला लागेल. दर पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका जुन्या वाड्यांना नोटिसा काढते, महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली, की इमारत धोकादायक आहे, दुरुस्त करा किंवा रिकामी करा. वाडा पडून माणसं दगावण्याची भीती खरी असते, त्यामुळे नोटीस म्हणजे नुसता कागदी त्रास असं कुणी समजू नये. पण याच वाड्यांमध्ये पिढ्यान् पिढ्या जुन्या भाड्यानं राहणारी कुटुंबं असतात, मालकाला त्या भाड्यात दुरुस्ती परवडत नाही, त्याला पुनर्विकास हवा असतो, आणि भाडेकरूंना भीती असते की एकदा बाहेर पडलो की नव्या इमारतीत परत यायला मिळेल की नाही, म्हणून त्यांना आधी लेखी करार हवा असतो. दोन्ही बाजूंचं दुखणं खरं. या वाड्यात हेच चालू होतं आणि आमच्यातल्या कुणालाही ते माहीत नव्हतं. नोटीस आमच्यासाठी फ्रेममधला एक चांगला पांढरा चौकोन होती.

भर म्हणजे फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवलेला. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला तर तो दाबून छोटा होतो आणि आतली लोकेशनची माहितीही गळून पडते, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर फाइल जशीच्या तशी जाते. म्हणजे फोनमध्ये लोकेशन चालू असेल तर वाडा नेमका कुठला हे त्या फाइलमध्येच लिहिलेलं असतं. आणि आजी तर स्पष्ट ओळखू येत होत्याच. त्यांची मुलगी परदेशात, तिच्यापर्यंतही फोटो गेला आणि तिनं घाबरून फोन केला की आई कुठल्या पडक्या घरात बसलीये.

पहिला निर्णय: लगेच काय करायचं

भाडेकरूंपैकी एका काकांनी कुठून तरी नंबर मिळवून ताईंना फोन केला. ताईंनी दोन गोष्टी तासाभरात केल्या. फोटो यापुढे कुणीही पुढे पाठवायचा नाही असं ग्रुपवर सांगितलं, आणि ज्याच्याकडे सेव्ह असेल त्यानं काढावा, कुणाकुणाला पाठवलाय त्यांनाही कळवावं असं लिहिलं. पुढे गेलेला फोटो असा परत येत नाही हे त्यांनाही माहीत होतं, पण निदान आपल्या हातून तो अजून फिरू नये.

त्या मुलाला ग्रुपवर कुणीही बोलायचं नाही असंही त्यांनी सांगितलं, आणि माझ्या मते हा त्या दिवसातला सगळ्यात शहाणा निर्णय. तो वीस वर्षांचा आहे, त्यानं नियम मोडलेला नव्हता, आणि त्या फोटोला बदाम आपण सगळ्यांनी दिले होते.

दुसऱ्या दिवशी ताई आणि तो मुलगा कॅमेरा घरी ठेवून वाड्यात गेले. काकांनी बसायला सांगितलं, चहा आला. काका म्हणाले, "फोटो चांगलाय हो, मी नाही म्हणत नाही. पण त्यात आमचं घर पडकं दिसतंय." मग त्यांनी दोघांना उठवून ओसरीत नेलं. टेकू दाखवला. तो भाडेकरूंनी स्वतःच्या पैशानं दोन वर्षांपूर्वी लावलेला, एका तुळईला वाळवी लागली म्हणून. बाकीच्या तुळया त्यांनी हातानं ठोकून दाखवल्या, कडीपाटाचं लाकडी छत दाखवलं, आपल्या दोन खणांच्या (दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण) खोलीत नेलं, तिथे स्वच्छ चुना दिलेला, कोनाड्यात देव, ट्यूबलाइट लख्ख. फोटोत जिथे काळोख होता तिथे प्रत्यक्षात त्यांचा नातू अभ्यासाला बसतो.

ताई आल्यावर मला म्हणाल्या की इमारत किती धोकादायक आहे हे आपण ठरवू शकत नाही, ते स्ट्रक्चरल ऑडिट करणाऱ्याचं काम, पण त्या फोटोनं मात्र ते ठरवून टाकलं होतं.

समोरचे पर्याय

ग्रुपवर दोन दिवस फोटो बंद ठेवून नुसती चर्चा झाली. चार वाटा समोर आल्या.

चॅलेंज बंद करायचं, हे पहिलं. तीन-चार जणांचं म्हणणं होतं की लोकांच्या घराचं आपल्याला मनोरंजन झालंय, थांबूया. मला यात तथ्य वाटलं होतं. पण मंडई, त्रिशुंड, गुरुवारचं पाणी, या सगळ्याकडे नीट बघायला लोक शिकत होते तेही त्याच चॅलेंजमुळे, आणि या पेठा इतक्या भराभर बदलतायत की बघणारे डोळे कमी करून काही साधणार नव्हतं.

दुसरं, फक्त रस्त्यावरून फोटो काढायचे, दिंडीच्या आत पाऊल टाकायचं नाही. याला सगळ्यात जास्त पाठिंबा होता कारण नियम स्वच्छ आहे, पाळायला सोपा. एकानं कायदाही मांडला की १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इमारतीचा फोटो काढणं किंवा छापणं हा कॉपीराइटचा भंग होत नाही. ते बरोबरच आहे. पण आमचा प्रश्न कॉपीराइटचा नव्हताच, आतल्या माणसांचा होता, आणि त्यावर ते कलम काही म्हणत नाही. शिवाय ताईंनी एक मुद्दा काढला तो मला फार पटला. वाड्याची सगळी रचना आतल्या बाजूला तोंड करून असते. बाहेर कोरी भिंत आणि एक दरवाजा, बाकी उजेड, वारा, वावर सगळं चौकाभोवती. वाडा फक्त बाहेरून काढायचा म्हणजे परत दरवाजेच येणार, म्हणजे ज्याला कंटाळलो तेच आता नियमानं करायचं.

तिसरं, परवानगी घेऊन आत जायचं. ऐकायला सोपं, पण वाड्यात दहा-बारा बिऱ्हाडं असली तर परवानगी कुणाची? मालक हो म्हणेल आणि भाडेकरू नाही म्हणतील, किंवा उलट, आणि आपण नकळत एका बाजूचे होऊन बसू.

चौथी वाट रिटायर्ड काकांनी मांडली, बऱ्याच दिवसांनी त्यांनी ग्रुपवर काही लिहिलं होतं. त्यांचं म्हणणं असं की रोज नवीन जागा आणि रोज नवीन फोटो ही जी घाई आहे तीच बदला. रोज जाऊ, पण एकाच जागी जाऊ. तिथली माणसं आपल्याला ओळखायला लागली की परवानगीचा प्रश्न निम्मा तिथेच सुटतो.

काय केलं

चौथी आणि तिसरी वाट एकत्र केली. शेवटच्या चार आठवड्यांसाठी प्रत्येकानं एकच गल्ली, चौक किंवा इमारत निवडायची, वार-पेठेचा नियम सोडून द्यायचा. जायचं रोज, पण फोटो रोज टाकलाच पाहिजे असं नाही, त्याऐवजी काय दिसलं ते तीन-चार ओळींत लिहिलं तरी तो दिवस धरला जाईल. यावर बराच वाद झाला, कारण फोटो नसलेला दिवस धरायचा तर हे फोटो चॅलेंज कसलं असं काहींचं म्हणणं होतं. शेवटी ताईंनी त्यांचं ऐकून घेतलं आणि निर्णय कायम ठेवला.

बदाम बंद केले, 'आजचा फोटो' बंद केला. ताई आठवड्यातून एकदा कुणाच्याही दोन-तीन फोटोंवर सविस्तर बोलायच्या. डॉक्युमेंट बंद, फोनच्या कॅमेऱ्याचं लोकेशन सगळ्यांनी बंद करायचं, ते कसं करायचं हे शिक्षिकांपैकी एकीनं स्क्रीनशॉट काढून समजावलं.

दिंडीच्या आत जायचं तर ज्याच्या दाराचा, ओसरीचा, माणसाचा भाग फ्रेममध्ये येतो त्याला विचारायचं. एकानं जरी नको म्हटलं तरी तो भाग फ्रेमबाहेर ठेवायचा. नोटिसा, पाट्यांवरची नावं, मीटरवरची नावं येऊ द्यायची नाहीत. ज्यांचा फोटो काढला त्यांना ४ बाय ६ ची प्रिंट नेऊन द्यायची. एडिटिंगमध्ये फोटो सरळ करणं, उजेड डोळ्याला दिसला तेवढा करणं चालेल, पण कुणाच्या घराच्या भिंतीवर क्लॅरिटी वाढवायची नाही. हा शेवटचा नियम ऐकायला किरकोळ वाटतो, मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

बुधवार पेठेतल्या वेश्यावस्तीच्या गल्ल्यांमध्ये कॅमेरा बाहेर काढायचाच नाही हे तर पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं आणि ते सगळ्यांनी पाळलं. तिथल्या बायकांच्या बाबतीत आपल्याला आपोआप समजलं होतं ते वाड्यातल्या आजींच्या बाबतीत समजलं नाही, यावर ग्रुपमधल्या दुसऱ्या एका ताईंनी लिहिलं होतं आणि ते वाचून बरेच जण गप्प झाले.

निकाल

निम्म्याहून जास्त लोक सोडून गेले. हे स्पष्ट लिहायला हवं. काहींना नियम जाचक वाटले, काहींना एकाच जागी रोज जाणं जमण्यासारखं नव्हतं, आणि बदाम नसल्यावर काहींची मजाच गेली. शेवटपर्यंत राहिले ते डझनभर.

पण त्यांचं काम बघितलं की वाटतं हे आधीच करायला हवं होतं. एकीनं रविवार पेठेत बोहरी आळीच्या जवळचा एक ओटा धरला, फक्त एक दगडी ओटा, बंद पडलेल्या दुकानापुढचा, असेल चार-साडेचार फूट लांब. सकाळी सातला तिथे चहावाल्याचा स्टोव्ह आणि थर्मास, दहाला हमाल डोक्यावरचं ओझं टेकवून दम खातात, ओझं डोक्यावरून उतरवायला ती उंची बरोबर लागते हे तिनं त्यांच्याकडूनच ऐकून लिहिलं, दुपारी टेम्पोचा ड्रायव्हर आडवा झालेला, संध्याकाळी एक बाई गजरे घेऊन बसते, रात्री कुत्री. कॅमेरा जवळपास एकाच उंचीवर, एकाच अंतरावरून. यातला एकही फोटो सुटा बघितला तर त्याला दोन बदाम पडले नसते. ओळीनं लावले की कळतं की घराच्या बाहेर सोडलेला हातभर दगड किती लोकांच्या पोटापाण्याला टेकू देतो, आणि रस्तारुंदीत असे ओटे जातात तेव्हा नेमकं काय काय जातं.

पालख्या पुण्यात मुक्कामाला आल्या त्या दोन दिवसांत एकानं नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या आसपास फक्त जिने काढले, वारकऱ्यांनी भरलेले जिने, परवानगी विचारली की बहुतेक माउली हसून हो म्हणायच्या. कुणी पाय चेपत बसलंय, कुणी धोतर वाळवतंय, आणि घरातली मंडळी त्यांच्यामधून वाट काढत वर-खाली करतायत.

आणि तो मुलगा. त्यानं गल्ली निवडताना त्याच वाड्याची गल्ली निवडली, आम्हाला वाटलं होतं तो सोडून जाईल. पहिला आठवडा त्यानं एकही फोटो काढला नाही, संध्याकाळी जाऊन बसायचा. मग वाड्यातल्या भाडेकरू काकांनीच त्याला विचारलं की बाबा, आमच्या खोल्यांचे फोटो काढून देशील का, मापं घेऊन. कारण उद्या वाडा खरंच उतरवायची वेळ आली तर कुणाच्या ताब्यात किती जागा होती याची नोंद भाडेकरूंना हवी होती. ताई आणि तो मिळून तीन संध्याकाळी टेप घेऊन बसले. खण मोजले, प्रत्येक खोलीचा फोटो, फ्रेममध्ये टेप ताणलेली, ट्यूब लावून, सरळ, सपाट उजेडात. भिंत जशी आहे तशी, टेकू जिथे आहे तिथे. त्याच्या आधीच्या फोटोच्या मानानं हे फोटो अगदी साधे आहेत आणि कुठल्याही ग्रुपवर टाकलेले नाहीत, एक संच भाडेकरूंकडे आणि मालकांनी मागितला तेव्हा काकांच्या संमतीनं एक त्यांच्याकडे.

आजींच्या मुलीनं मात्र शेवटपर्यंत नकोच म्हटलं. त्यामुळे त्या नोंदीत त्यांच्या खोलीची फक्त मापं आहेत, फोटो नाही. वाड्याचा वाद मिटला का, तर नाही, हे लिहीपर्यंत तरी करार झालेला नाही. आमच्या फोटोनं तो वाद निर्माण केला नव्हता, पण एका बाजूच्या हातात काहीतरी दिलं होतं, आणि ते तेवढ्यापुरतं तरी कायमचं दिलं गेलं.

वेगळं काय करता आलं असतं

बदाम पहिल्या दिवसापासून नको होते. लोक रोज यावेत म्हणून ते ठेवलेले आणि सुरुवातीला त्यांनी ते काम केलंही, पण कशाला बदाम पडतात हे कळल्यावर सगळ्यांची नजर तिकडेच वळली. त्याऐवजी ताईंचं साप्ताहिक बोलणं सुरुवातीपासून असतं तर शांत फोटो काढणारे गळाले नसते असं मला ठामपणे वाटतं.

वार तीच पेठ ही कल्पना पहिल्या एक-दोन फेऱ्यांपुरती सुंदर आहे, त्यानं माणूस सात पेठा फिरतो, जिथे कधी गेला नसता तिथे जातो. पण तिसऱ्या आठवड्याला, जुन्या बाजाराचा मुद्दा निघाला तेव्हाच, ती सोडायची संधी होती. शहराचा वार आणि आपला वार वेगळा आहे हे तिथे दिसलं होतं.

परवानगीचा नियम प्रकरण झाल्यावर आला. त्याच्या आधी नुसतं एवढं जरी ठरलं असतं की उघडी दिंडी म्हणजे आमंत्रण नाही, तरी त्या मुलानं आत कुणाला तरी हाक मारली असती. पावसाळ्याच्या तोंडावर पेठेत काय चालू असतं, नोटिसा म्हणजे काय, भाडेकरू-मालक प्रकरणं काय असतात, यावर ताई पहिल्याच आठवड्यात एक संध्याकाळ बोलू शकल्या असत्या, त्यांना हे सगळं माहीत होतं. इमारतींवर चॅलेंज करायचं तर दगड-लाकडाइतकीच मालकी आणि भाडं यांचीही माहिती हवी.

एक गोष्ट अजून अर्धवट आहे. ओट्याची मालिका, जिन्यांची मालिका, मंडईचे फोटो, हे सगळं आत्ता लोकांच्या फोनमध्ये पडून आहे. दोघांचं म्हणणं आहे की ते एखाद्या आर्किटेक्चर कॉलेजच्या लायब्ररीला द्यावं, काहींना आधी त्या त्या गल्लीतच गणपतीच्या मांडवाशेजारी प्रिंट लावाव्यात असं वाटतं, म्हणजे ज्यांचं आहे ते आधी बघतील. माझं मत दुसऱ्या बाजूला आहे.

सदाशिव, नारायण, कसब्याची फेरी दसऱ्यानंतर सुरू होईल. त्यात पहिले पंधरा दिवस कॅमेरा न घेता फिरायचं ठरलंय, आणि कसब्यात तांबट आळीपासून सुरुवात करायची की नाही हे तिथल्या कारागिरांना विचारून ठरवणार आहोत.